ट्रेडमिल, सायकल की इलिप्टिकल? सोलापूरच्या घरांसाठी

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की सोलापुरात सकाळी आठनंतर फिरायला जाणं जमत नाही. मग घरी मशीन आणायचा विषय निघतो आणि बहुतेक जण थेट ट्रेडमिल बुक करतात. आमचं म्हणणं, आधी घरातला प्लग, फरशी आणि वापरणाऱ्यांचे गुडघे बघा. बऱ्याच घरांना मॅग्नेटिक सायकलच (जागेवर चालवायची, चुंबकाच्या ब्रेकची) परवडते, पैशानं आणि देखभालीनंही.

ट्रेडमिल वाईट नाही, पण निगा सगळ्यात जास्त तिचीच. स्टिकरवरचा ‘पीक’ एचपी (हॉर्सपॉवर, मोटरची क्षणभराची कमाल ताकद) सोडून द्या, ‘कंटिन्युअस’, म्हणजे सतत देता येणारी ताकद किती ते विचारा. नुसतं चालायला २, पळायला २.५ ते ३. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे २ एचपीची मोटर पूर्ण भारावर दीड हजार वॅटच्या आसपास जाते. ६ अँपिअरच्या छोट्या प्लगला २३० व्होल्टवर १३८० वॅटच झेपतात. म्हणून १६ अँपिअरचा पॉवर प्लग, वेगळी वायर आणि नीट अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्डावर चालवली तर प्लग तापतो, व्होल्टेज कमी-जास्त झालं की कंट्रोल बोर्डही जाऊ शकतो. तो स्वस्तात मिळत नाही.

बोर्ड जाण्यामागचं दुसरं कारण म्हणजे कोरडा पट्टा. पट्टा आणि खालची फळी यांच्यामध्ये सिलिकॉन ऑइल लागतं. रोज वापर असेल तर दोन-तीन महिन्यांनी मशीन बंद करून, प्लग काढून पट्ट्याखाली बोटं फिरवा. कोरडं लागलं की पट्टा उचलून दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत तेल सोडा. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे अजिबात नको, त्यानं पट्टा खराब होतो. घर्षण वाढलं की मोटर जादा करंट ओढते आणि बोर्ड तापतो. पट्टा डावीकडे सरकला तर मागचा डावा बोल्ट एलन कीनं (षटकोनी चावीनं) घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा फिरवा, मिनिटभर मशीन रिकामं चालवा, गरज पडली तरच पुढचा पाव फेरा. घाईनं दोन फेरे दिले की पट्टा दुसऱ्या बाजूला घासून त्याची कड उसवते. शहराच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असतील तर मोटरच्या कव्हरखाली सुताचे तंतू साचतात. तिथे दर दोन महिन्यांनी प्लग काढून कोरड्या ब्रशनं सफाई कराच.

सायकलला यातलं बहुतेक काही लागत नाही. फक्त ब्रेक मॅग्नेटिक हवा. स्वस्त सायकलीत चाकावर फेल्टचा पॅड घासतो. तो झिजतो, आवाज करतो आणि मग कितीही नॉब आवळा, जोर लागत नाही. चुंबक चाकाला टेकतच नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्न नाही. जोडताना एक गोष्ट सांभाळा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेनं आवळतं. पहिले तीन-चार फेरे हातानंच द्या. तिरकं बसलेलं पेडल पान्यानं दाबून आवळलं तर क्रँकचे (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे कायमचे जातात. सीटची उंची अशी ठेवा की पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट खाली ठेवली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ताण येतो.

इलिप्टिकल, म्हणजे उभं राहून पावलं लंबगोल फिरवायचं मशीन, गुडघ्यांना सोसतं, हातही चालतात. पण हलक्या वजनाचं मशीन डगमगतं आणि मशीनच्या सांध्यांतले बुश (आतल्या नळीसारख्या कड्या) सैल झाले की टक-टक सुरू होते. मशीनवर पाऊल पुढे-मागे जाण्याचं अंतर १६ इंचांहून कमी असेल तर उंच माणसाला ते जिना चढल्यासारखं वाटतं. त्यावर उभं राहिलं की डोकं फूटभर वर जातं, म्हणून पंखा आणि माळा मोजूनच जागा ठरवा. रोइंग मशीन (बसून वल्हवल्यासारखं ओढायचं) पाठ धड असणाऱ्यांनीच बघावं.

जुन्या शहाबादी फरशीवर कुठलंही मशीन ठेवा, खाली जाड रबरी मॅट आणि चारही पाय टेकलेले हवेत. पत्र्याच्या खोलीत मात्र ट्रेडमिल नको, दुपारी तिथे इलेक्ट्रॉनिक्सचे हाल होतात.

दुकानात घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला ट्रेडमिलवर ताशी ३ किलोमीटरनं दहा मिनिटं चालवा. मोटरची खरी परीक्षा कमी वेगात असते. पाऊल टेकताना पट्टा अडखळला तर ते मॉडेल सोडा. दुरुस्तीचा माणूस सोलापुरातला आहे की पुण्याहून येणार आणि येण्याचा खर्च कुणाचा, हे बिलावर लिहून घ्या.