पाच लाखांची निळी नोट आणि वीस हजारांची निळी नोट

व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहरातील बेन थान्ह बाजारात सॅक, रेनकोट, प्लगचे अडॅप्टर असे प्रवासाचे सामान घेणाऱ्या भारतीय पर्यटकाचे सारे लक्ष भाव पाडण्याकडे असते. विक्रेते कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतात, आपण घासाघीस करून तो खाली आणतो आणि समाधानाने पाकीट उघडतो. आमची फसवणूक मात्र भाव ठरल्यानंतर, नोट हातातून सुटल्यावर झाली.

मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात जाण्यापूर्वी आम्ही एका गाळ्यावर पावसाचे आवरण असलेली सॅक आणि दोन रेनकोट घेतले. सौदा ४,८०,००० डोंगांवर (डोंग हे व्हिएतनामचे चलन) ठरला व मी ५,००,००० ची नोट दिली. विक्रेती ती घेऊन गल्ल्याकडे वळली, शेजारच्या गाळ्यावरील बाईशी काही बोलली आणि परत वळून २०,००० ची नोट माझ्यासमोर धरत, मी हीच नोट दिल्याचे हसतमुखाने सांगू लागली. मला परत मिळायची रक्कमही नेमकी २०,००० च होती. म्हणजे माझेच सुटे पैसे मी दिलेली नोट म्हणून मला दाखवण्यात आले. मागे गिऱ्हाइकांची रेटारेटी चालू असल्याने मी पाच लाखांची दुसरी नोट काढून दिली, आणि तिने तीच वीस हजारांची नोट सुटे म्हणून माझ्या हातावर ठेवली. या सफाईला दाद द्यावी की काय, असे नंतर वाटून गेले.

हा डाव साधतो, कारण दोन्ही नोटा निळ्या, दोन्ही पॉलिमरच्या आणि दोन्हींवर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचेच चित्र आहे. शून्यांच्या गर्दीत परक्या माणसाची नजर सहज फसते. मात्र पाच लाखांची नोट लांबीने सुमारे दीड सेंटिमीटर जास्त आहे. तिच्या मागे हो ची मिन्ह यांचे किम लिएन येथील घर आहे, तर वीस हजारांच्या नोटेमागे होई आनचा जपानी पूल.

रात्री पत्नीने हिशेब मांडला, तेव्हा एटीएममधून काढलेल्या ३०,००,००० डोंगांच्या सहा नोटांपैकी एकीचा खर्च कुठेच लागेना. रुपयांत त्या एका नोटेची किंमत तेव्हा सोळाशेच्या आसपास होती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच गाळ्यावर गेलो. पण पावती नव्हती, विक्रेती बदललेली होती आणि नव्या मुलीने थंडपणे रेनकोटांचे भाव सांगायला सुरुवात केली. सॅकविषयी तक्रार नाही. नामांकित कंपनीचे बोधचिन्ह तिच्यावर अर्थातच खोटे आहे, पण पावसात ती टिकली.

त्यानंतर आम्ही पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवू लागलो. नोट सोडण्यापूर्वी तिचा आकडा विक्रेत्याच्याच कॅल्क्युलेटरवर टंकून दाखवायचा, आणि सुटे पैसे मोजून होईपर्यंत त्याच्या हातांवरची नजर हलवायची नाही, असे ठरवले. आपण लहान नोट दिल्याचा दावा कोणी केलाच, तर दुसरी नोट काढण्याऐवजी सामान परत ठेवून पहिली नोट मागावी आणि आवाज थोडा चढवावा. घासाघीस नको असणाऱ्यांनी रेनकोट व अडॅप्टर सुपरमार्केटमध्ये घ्यावेत. तेथे किंमत छापील असते आणि पावती मिळते.