के-सिरीजचं नाव सांगून विकलेली जुनी स्विफ्ट: घेण्याआधी हे वाचा

सुझुकीच्या के-सिरीज इंजिनाचं नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांत इतकं पक्कं झालंय की जुन्या गाड्या विकणारे आता तेवढंच नाव पुढे करतात. आमच्या घरी तेच झालं. कापसाचे पैसे हाती आल्यावर दादानं आईला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला-आणायला २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट घेतली. विकणाऱ्याचं पालुपद एकच, "भाऊ, के-सिरीज हाये. डोये मिटून घ्या. अठराचं अ‍ॅव्हरेज कुठी नाही गेलं."

इंजिनाच्या जातीबद्दल तो खरंच बोलत होता. गाडीतलं के१२एम हे ११९७ सीसीचं, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचं इंजिन. २००९ मध्ये ते मारुतीच्या रिट्झ गाडीतून आलं आणि पुढच्या वर्षी स्विफ्टमधल्या जुन्या १२९८ सीसी इंजिनाच्या जागी बसलं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे वजनाला हलकं. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवायला, पट्ट्याऐवजी चेन. २०११ च्या स्विफ्टसाठी जाहीर झालेला आकडा लिटरला १८.६ किलोमीटर होता. एवढा चांगला वंश असलेलं इंजिन आतून काय भोगून आलंय, हे मात्र त्यानं पद्धतशीर लपवलं.

हिवाळाभर गाडीचं अ‍ॅव्हरेज अकरा-बाराच्या वर गेलं नाही. फोन केला की उत्तर यायचं, "थंडी हाये ना भाऊ, सेट होऊ द्या थोडी." एप्रिलात ऊन चाळिशीपार गेलं आणि लाडखेडच्या पुढे गाडी उकळली. आत आई, बाहेर सावलीला झाड नाही. तो राग अजून गेलेला नाही.

दारव्ह्याच्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅटचं हाउसिंग खोललं तर आत व्हॉल्व्हच नव्हता. "दादा, हा मुद्दाम काढला हाये," तो म्हणाला. मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. इंजिन थंड असताना हा व्हॉल्व्ह पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तापमान ऐंशी अंशांच्या आसपास गेलं की उघडतो. तोच काढून टाकला तर पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरत राहतं आणि थंडीत इंजिन हवं तेवढं तापतच नाही. सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, 'अजून थंड आहे' असं सांगत राहतो, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो. आमच्या अ‍ॅव्हरेजचा घोळ इथं होता.

व्हॉल्व्ह काढण्याचं कारण हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, खोलल्यावर दिसलं. गाडी आधी कधीतरी जबर तापली होती. अ‍ॅल्युमिनियमचं हेड अशा तापण्यानं वाकतं आणि हेड व ब्लॉकमधलं गॅस्केट पाणी सोडायला लागतं. हेड फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, नवं गॅस्केट टाकायचा खर्च वाचवायला विकणाऱ्यानं व्हॉल्व्ह काढला, म्हणजे हिवाळ्यातल्या छोट्या चकरेत गाडी तापणार नाही. या इंजिनाला पातळ ऑईल लागतं, पण त्यात घट्ट ऑईल भरलेलं निघालं. मिस्त्रीच्या मते ते चेनचा आवाज दाबायला. आम्ही पाहायला गेलो तेव्हा गाडी आधीच चालू करून गरम ठेवलेली होती, त्याचाही अर्थ आता लागतो.

मीटरवर ६८ हजार होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी काढल्या, तर काही वर्षांपूर्वीच्याच नोंदीत १ लाख १२ हजारांच्या पुढचा आकडा. डिजिटल मीटर लॅपटॉप जोडून मागे करता येतो. म्हणून पैसे देण्याआधी या नोंदी काढाच.

गाडी पाहायला सकाळी जा आणि आधीच सांगा की इंजिन चालू करू नका. बोनेटवर हात ठेवून पाहा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, मग गाडी सुरू करायला सांगा. पाण्यात बुडबुडे येत राहिले किंवा ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तिथूनच परत फिरा. आमच्या गाडीत नवं ऑईल भरलेलं असल्यामुळे साय दिसली नव्हती, म्हणून एवढ्यावरच थांबू नका. ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिनाचं तापमान दाखवणारा स्कॅनर लावून अर्धा तास गाडी चालवा. तेवढ्यात तापमान ऐंशीच्या आसपास पोचायला हवं. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहा. आणि जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे. ते दाखवायला सांगा.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलून घेतलं होतं. मिस्त्रीचं लेखी म्हणणं, काढलेल्या भागांचे फोटो, सर्व्हिसच्या नोंदी, बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा आणि फोनवरचे मेसेज सोबत जोडले. नोटीस गेल्यावर विकणाऱ्याचा फोन आला, अर्धे पैसे घ्या आणि तक्रार मागे घ्या म्हणून. दादानं नाही म्हटलं. त्याच्या आवारात त्या दिवशी आणखी दोन स्विफ्ट धुऊन पुसून विकायला उभ्या होत्या, आणि त्या कोणी घेतल्या हे आम्हाला माहीत नाही.