ऑर्डरच्या सूचना लावून देणाऱ्याकडून झालेली फसवणूक : छोट्या ऑनलाइन दुकानदारांनी वाचावे म्हणून

छोटे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याला ऑर्डरच्या सूचनांची, म्हणजे ऑर्डर येताच तसा एसएमएस जावा अशी, सोय कधी ना कधी कोणाकडून तरी करून घ्यावीच लागते. काम वरकरणी किरकोळ दिसते. पण ते करणाऱ्याच्या हाती ग्राहकाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, मागवलेला माल आणि द्यायची रक्कम हे सारे एकदमच पडते, आणि त्याचा गैरवापर झाला तर दुकानदाराच्या आधी ग्राहक लुबाडला जातो. आमच्या बाबतीत हेच घडले. ज्याच्यावर आमचा संशय आहे त्याच्याविरुद्ध तक्रार दिलेली असून तपास चालू आहे, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. मात्र हा प्रकार कसा चालला होता आणि तो कसा उघडकीला आला, हे तपशिलाने लिहीत आहे, कारण अशी सोय करून देणारे गावोगावी फिरत असतात आणि त्यांनी नेमके काय बसवून ठेवले आहे हे पाहायची वेळ बहुतेकांवर येत नाही.

वेंगुर्ला तालुक्यात आम्ही नवरा-बायको घरगुती मालाचा व्यवसाय करतो. मालवणी मसाला, कोकम आगळ, आमसुले, कुळथाचे पीठ, काजूगर आणि हंगामात आंबापोळी एवढाच माल. संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर असून दुकान वूकॉमर्सचे, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरचे आहे. ऑर्डर बहुतांशी मुंबई, ठाणे आणि पुण्याहून येतात आणि त्यांतल्या पुष्कळशा कॅश ऑन डिलिव्हरीच्या असतात. ऑर्डर आली की दुकानाकडून ईमेल येतो खरा, पण स्वस्तातल्या होस्टिंगवरून निघालेले असे ईमेल वारंवार स्पॅममध्ये जाऊन पडतात, आणि मग संध्याकाळी डॅशबोर्ड उघडावा तेव्हा सकाळची ऑर्डर दिसते. तोवर कुरिअरवाला पार्सले घेऊन गेलेला असतो. म्हणून ऑर्डर येताच आम्हाला आणि ग्राहकाला एसएमएस जाईल अशी व्यवस्था हवी होती.

ओळखीतून एक तरुण तंत्रज्ञ मिळाला. आजूबाजूच्या काही दुकानदारांची कामे त्याने केलेली होती आणि बोलण्यातही तो तरबेज होता. नोंदणीची सरकारी फी, वर्षभराचे एसएमएस आणि त्याची मजुरी मिळून त्याने 18,000 रुपये आगाऊ घेतले. आमच्या संगणकाचा ताबा दुरून घेऊन त्याने एका दुपारी काम उरकले. पासवर्ड त्याने मागितला नाही आणि आम्ही सांगितला नाही. लॉगिन आम्हीच केले आणि काम होताच बाहेर पडलो. त्या संध्याकाळपासून एसएमएस बिनचूक येऊ लागले.

काही आठवड्यांनी पार्सले परत येऊ लागली. कॅश ऑन डिलिव्हरीत थोडा माल परत येतोच, पण या वेळी कुरिअरच्या शेऱ्यात एकच गोष्ट पुन:पुन्हा येत होती, की पैसे आधीच भरले आहेत असे ग्राहक म्हणतात. पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेला फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अहो ताई, मी तर ऑर्डर दिली त्याच दिवशी पैसे भरले. तुमचाच मेसेज होता ना, आता भरले तर दहा टक्के सवलत म्हणून? मग या मुलाला दारात पुन्हा कशाचे पैसे देऊ?’’ त्यांनी त्या संदेशाचे चित्र मला पाठवले. व्हॉट्सॲपवरचा अनोळखी क्रमांक, पण त्यावर आमचे बोधचिन्ह, दुकानाचे नाव आणि त्याखाली त्यांचे पूर्ण नाव. मसाला अर्धा किलो, आगळ दोन बाटल्या, एकूण 1,240 रुपये, आता यूपीआयने भरल्यास 1,116 रुपये. खाली क्यूआर कोड. ऑर्डरचा क्रमांक अचूक होता. इतकेच नव्हे, तर मालाचे नाव आम्ही संकेतस्थळावर ज्या शब्दांत लिहिले आहे, अगदी त्याच शब्दांत तेथे होते. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ग्राहकाने आधी पैसे भरावेत म्हणून सवलत देणारी दुकाने खरोखरच असतात, त्यामुळे संशय यावा असे त्यात काहीच नव्हते. बाईंची यात तीळभरही चूक नाही, आणि हे मी त्यांना तेव्हाच सांगितले.

पहिला संशय कुरिअरवर गेला, कारण पार्सलावरच्या कागदावर नाव, फोन आणि वसूल करायची रक्कम छापलेली असते. पण वेळ जुळेना. बाईंना तो संदेश आला तेव्हा त्यांचे पार्सल बांधलेलेही नव्हते आणि कुरिअरच्या यंत्रणेत त्याची नोंदही झालेली नव्हती. आमचा स्वत:चा एसएमएस आणि तो खोटा संदेश यांत जेमतेम एक-दोन मिनिटांचे अंतर होते. इतरही ग्राहकांकडे चौकशी केली तेव्हा सर्वांच्या बाबतीत तसेच आढळले. शिवाय ज्यांनी पैसे आधीच ऑनलाइन भरले होते, त्यांच्यापैकी कोणालाही असा संदेश आला नव्हता. म्हणजे ऑर्डर पडताच ती पुरती वाचली जात होती, पैसे कसे द्यायचे आहेत हेही पाहिले जात होते, आणि हे कोणी माणूस बसून करत नव्हता. आम्ही सर्व पासवर्ड बदलले. तरीही दुसऱ्या दिवशी नव्या ग्राहकाला तसाच संदेश गेला.

उलगडा झाला तो वूकॉमर्सच्या सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्ड या भागात, जेथे वेबहुकची यादी असते. वेबहुक म्हणजे दुकानाला दिलेला कायमचा हुकूम असतो : नवी ऑर्डर आली की तिची सगळी माहिती अमुक पत्त्यावर पाठव. एसएमएस पाठवण्यासाठी त्याचा उपयोग रास्तच आहे आणि त्या कामाचा एक वेबहुक तेथे होताही. त्याच्या खाली दुसरा होता. त्याला ‘ऑर्डर बॅकअप’ असे नाव दिलेले होते आणि माहिती पाठवायचा पत्ता एसएमएस कंपनीचा नसून आम्ही कधी न ऐकलेल्या संकेतस्थळाचा होता. तो उघडला की निर्मितीची तारीख आणि वेळ दिसते. ती त्याच दुपारची होती, पहिल्या वेबहुकनंतर काही मिनिटांची. वेबहुकला पासवर्ड लागत नाही. तो एकदा लावला की मालकाने पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी निमूटपणे माहिती पाठवत राहतो, आणि दुकानाच्या दर्शनी भागात त्याची कोणतीच खूण दिसत नाही. वूकॉमर्सच्या आरईएसटी एपीआयच्या चाव्या, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला दुकानाची माहिती घेऊ देणारे संकेत, आणि वर्डप्रेसमध्ये 2020 पासून आलेले ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’, म्हणजे अशा सॉफ्टवेअरसाठीचे वेगळे पासवर्ड, यांचेही असेच आहे. मुख्य पासवर्ड बदलल्याने ते रद्द होत नाहीत. चाव्यांच्या यादीत प्रत्येक चावी शेवटी कधी वापरली गेली ते दिसते, म्हणून ती यादीही जरूर पाहावी. ‘नवीन ऑर्डर’ या ईमेलच्या सेटिंगमध्ये स्वल्पविराम देऊन दुसऱ्या कोणाचा पत्ता जोडलेला असू शकतो, तेही तपासावे.

दुसरी फसवणूक पैशांची होती आणि ती त्यामागोमाग उघड झाली. भारतात व्यवसायासाठी एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे डीएलटी या व्यावसायिक संदेशांच्या नोंदणी यंत्रणेत नोंदणी करावी लागते. आधी व्यवसायाची नोंदणी होते, मग पाठवणाऱ्याचे सहा अक्षरांचे नाव, ज्याला हेडर म्हणतात, ते मंजूर होते, आणि मग संदेशाचा मसुदा, म्हणजे टेम्प्लेट, मंजूर होतो. मसुद्यात ग्राहकाचे नाव, ऑर्डर क्रमांक अशा बदलत्या जागा सोडलेल्या असतात आणि बाकीचा मजकूर मंजूर झाला तसाच जावा लागतो. या नोंदणीची पोर्टले एअरटेल, जिओ, व्होडाफोन आयडिया, बीएसएनएल अशा दूरसंचार कंपन्या चालवतात. तेव्हा ‘सरकारी फी’ असे काही नसते. ज्या पोर्टलवर शुल्क आहे तेथे ते आपण स्वत: भरायचे असते आणि पावती आपल्या व्यवसायाच्या नावे मिळते. आमच्या एसएमएसचा हेडर कोणाच्या नावे आहे हे ट्रायच्या हेडर शोधण्याच्या पोर्टलवर पाहिले, तेव्हा तेथे त्या तंत्रज्ञाच्याच संस्थेचे नाव होते. नोंदणी त्याची, हेडर त्याचा आणि टेम्प्लेटही त्याचे. आम्ही जाब विचारताच त्याने एसएमएस बंद केले आणि वर्षाचे पैसे भरलेले असूनही आमच्या हाती काहीच उरले नाही.

आम्ही आता स्वत:ची नोंदणी केली आहे. पॅन आणि व्यवसायाची कागदपत्रे हाताशी असतील तर हे काम दुकानदाराला स्वत: जमण्यासारखे आहे, फक्त टेम्प्लेट मंजूर होताना शब्दाशब्दाची चिकाटी लागते. संदेशात दुवा घालायचा असेल तर तोही आधी नोंदवून घ्यावा लागतो. 2024 च्या ऑक्टोबरपासून नोंद नसलेला दुवा असलेले एसएमएस अडवले जातात. मला वाटते, फसवणूक करणाऱ्याने पैशांच्या मागणीसाठी एसएमएसऐवजी व्हॉट्सॲप निवडले त्याचे हेही एक कारण असावे.

ग्राहकांबाबत जे केले ते लिहिणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॅश ऑन डिलिव्हरीच्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही फोन केला. ज्यांनी त्या क्यूआरवर पैसे भरले होते त्यांच्याकडून पुन्हा पैसे न घेता माल पाठवला, कारण त्यांनी विश्वास आमच्या नावावर ठेवला होता. त्यांना 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करायला सांगितले. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी : पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याने तक्रार करायची असते, दुकानदाराने त्याच्या वतीने केलेली तक्रार पुरत नाही, आणि उशीर झाला तर पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात. ज्यांनी त्याच दिवशी फोन केला त्यांच्यापैकी एकांची रक्कम समोरच्या खात्यात रोखून धरल्याचे त्यांच्या बँकेने कळवले. बाकीच्यांचे काही हाती आलेले नाही. रक्कम हजार-बाराशेची असल्याने पुष्कळांना तक्रार करण्याचा कंटाळा येतो आणि फसवणूक करणाऱ्याची भिस्त याच कंटाळ्यावर असते, हे मी प्रत्येकाला सांगत राहिले.

दुकानदाराची तक्रार वेगळी असते, कारण त्याची माहिती चोरीला गेलेली असते. ती राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात देता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 66 परवानगीवाचून माहिती काढून घेण्याबद्दल आहे, 66 ड संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल आहे आणि 72 अ कराराने हाती आलेली वैयक्तिक माहिती उघड करण्याबद्दल आहे. तक्रार लिहिताना ‘व्हॉट्सॲपवर फसवणूक’ एवढेच लिहिले तर तपासाची दिशा ग्राहकाच्या पैशांपुरती राहते. माहिती आपल्या दुकानातून कोणत्या मार्गाने गेली हे पुराव्यासह मांडले की प्रकरणाचे स्वरूप बदलते, असा आमचा अनुभव आहे. नुकसानभरपाईसाठी याच कायद्याच्या कलम 46 खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे दाद मागता येते. आम्ही ती मागणार आहोत.

ज्यांनी असे काम बाहेरून करून घेतले आहे त्यांनी वेबहुकची यादी आजच उघडून पाहावी. अनोळखी पत्ता दिसला तर तो रागाच्या भरात पुसून टाकू नये. आधी त्या पानाचे चित्र घ्यावे, ज्यात पत्ता आणि निर्मितीची वेळ दोन्ही दिसतील. मग तो वेबहुक फक्त थांबवावा, म्हणजे त्याची स्थिती ‘पॉझ्ड’ अशी करावी. त्यानंतर वूकॉमर्सच्या स्टेटस या भागात लॉगच्या फाइली असतात, त्यांतली वेबहुक डिलिव्हरीची फाइल संगणकावर उतरवून घ्यावी. कोणत्या दिवशी किती वाजता माहिती कोणत्या पत्त्यावर गेली, याची नोंद त्यात असते आणि आमच्या तक्रारीत पोलिसांनी सर्वांत आधी हीच फाइल मागितली. वूकॉमर्स हे लॉग सर्वसाधारणपणे तीसच दिवस ठेवते आणि मग आपोआप पुसून टाकते. आमच्याकडच्या सुरुवातीच्या नोंदी त्यामुळेच मिळाल्या नाहीत.