इंटरव्ह्यूच्या नावाखाली लॅपटॉप साफ केला, डेव्हलपर लोकांनो हे वाचाच

नोकरी शोधताय आणि इंटरव्ह्यूत कोणी "हा प्रोजेक्ट तुमच्या लॅपटॉपवर चालवून दाखवा" म्हणालं तर जरा थांबा, माझे पैसे आणि सगळी अकाउंट्स त्याच पायरीवर गेली.

रिक्रूटरचा मेसेज आला, रिमोट काम, ब्लॉकचेनमधली कंपनी, पगार चांगला पण संशय यावा इतका नाही. तिने माझं जुनं काम खरोखर वाचलं होतं, नेमके प्रश्न विचारले. मग टेक्निकल राउंड. समोरच्याचा कॅमेरा बंद, म्हणे नेट स्लो आहे. त्याने रिपोची, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या कोडची लिंक दिली, लॉगिन पेजवर बग आहे तो शोधा, स्क्रीन शेअर करा, आधी प्रोजेक्ट चालू करा, वेळ कमी आहे. मी म्हटलं डॉकरमध्ये, म्हणजे बाकी लॅपटॉपपासून वेगळ्या कप्प्यात चालवते, तर लगेच नको नको, त्यात सेटअप बिघडतो, डायरेक्ट चालवा. एनपीएम इन्स्टॉल केलं, म्हणजे प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस उतरवली, प्रोजेक्ट चालू झाला, बगही खराच होता, मी सोडवला, त्याने कौतुक केलं आणि लवकरच कळवतो म्हणून कॉल ठेवला.

त्याच रात्री माझं क्रिप्टो वॉलेट रिकामं झालं आणि मेलवर अनोळखी लॉगिन दिसायला लागले.

नंतर ओळखीच्या एका सिक्युरिटीवाल्याने तो कोड बघितला. एक साधी कॉन्फिग फाइल, जी सहसा कोणी उघडत नाही, तिच्या शेवटच्या ओळीत भरमसाट स्पेस मारलेल्या आणि त्याच्या पलीकडे पार उजवीकडे, स्क्रीनच्या बाहेर, खरा चोरीचा कोड. एडिटरमध्ये वर्ड रॅप (लांब ओळ मोडून खाली दाखवणं) चालू केल्याशिवाय दिसतच नाही. इतका विचार करून रचलेलं आहे हे, राग येतो तो याचाच.

आणि हे जुनं आहे. पालो अल्टो नेटवर्क्स या सायबर सिक्युरिटी कंपनीच्या युनिट ४२ या संशोधन टीमने नोव्हेंबर २०२३ मध्येच यावर लिहिलंय, 'कंटेजियस इंटरव्ह्यू' नाव दिलंय, उत्तर कोरियाशी संबंध जोडलाय. पहिला मालवेअर बिव्हरटेल, तो ब्राउझरमधली माहिती आणि वॉलेट उचलतो, मग इन्व्हिजिबलफेरेट नावाचा दुसरा आणतो, त्यातून ते तुम्ही टाइप केलेलं वाचतात आणि मशीन लांबून चालवतात. दुसरा एक प्रकार पण चालू आहे, व्हिडिओ इंटरव्ह्यूच्या साइटवर "कॅमेरा चालत नाहीये" असा मेसेज येतो आणि दुरुस्तीसाठी एक कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट करायला सांगतात. ती अजिबात करू नका.

असं काही झालं असेल तर आधी नेट तोडा, दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा, कारण चोरलेल्या सेशन कुकीवर (ब्राउझरमधली, तुम्ही आधीच लॉगिन आहात हे सांगणारी खूण) टू-फॅक्टर असूनही आत शिरता येतं. एसएसएच की आणि एपीआय टोकन (सर्व्हर आणि सर्व्हिसेसमध्ये पासवर्डशिवाय शिरायच्या किल्ल्या) रद्द करा, वॉलेटमध्ये काही उरलं असेल तर नवीन वॉलेटमध्ये हलवा, लॉग कॉपी करून तक्रार करा आणि लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट. ऑफिसच्या लॅपटॉपवर चालवलं असेल तर आयटीवाल्यांना लगेच सांगा, लाजू नका, नाहीतर कंपनीचं नेटवर्क पण जाईल.

मी आता कॉलवर सरळ सांगते की कोड वाचून बग शोधेन, चालवायचा असेल तर वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्येच. परवाच एका कंपनीने यावर "हो, चालेल की" म्हटलं आणि इंटरव्ह्यू नीट पार पडला.