पीअरलेस असॅसिन १२० एसई: अर्ध्या वेगात चालवायचा कूलर

असेंबल केलेला पीसी शांत करायचा असेल तर पहिला खर्च प्रोसेसरच्या कूलरवर करावा. त्या खर्चासाठी थर्मलराइट या तैवानी कंपनीचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा आज सगळ्यात सरळ सौदा आहे. दोन टॉवर (पातळ पत्र्यांचे उभे गठ्ठे), सहा हीटपाइप (तळाची उष्णता पत्र्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या) आणि दोन पंखे मिळतात, आणि किंमत अनेक नावाजलेल्या एका टॉवरच्या कूलरांच्या आसपासच राहते. पण हा कूलर बसवून बायोसला, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगला, हातच लावला नाही, तर गारवा मिळेल, शांतता मिळेलच असं नाही. पंखे अर्ध्या वेगात चालवले की मगच त्याचे पैसे वसूल होतात.

आधी अंगकाठी पाहू. उंची १५५ मिमी, हीटपाइप ६ मिमी जाडीचे, तळ निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचा. पंखे १२० मिमीचे, टीएल-सी१२सी या नावाचे, जास्तीत जास्त १५५० आरपीएमचे (मिनिटाला तेवढे फेरे). साध्या एसईला दिवे नाहीत. ते हवे असतील तर एआरजीबी असं वेगळं मॉडेल आहे. आवाज २५.६ डेसिबल असं कंपनी सांगते. हा आकडा एका पंख्याचा आहे आणि कंपनीच्या स्वतःच्या मोजणीतला आहे. सारखे दोन पंखे लागले की त्यात तीन डेसिबल वाढतात. मोजण्याचं अंतर आणि पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून दोन कंपन्यांचे डेसिबल शेजारी ठेवून खरेदी ठरवू नये.

अर्ध्या वेगाचा आग्रह का, तर पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, म्हणजे १५ डेसिबल हा मोठाच फरक. तापमान मात्र त्या मानाने फार चढत नाही. चिपपासून बाहेरच्या हवेपर्यंत उष्णतेला बरेच टप्पे ओलांडावे लागतात: प्रोसेसरचं धातूचं झाकण, पेस्ट (झाकण आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप), कूलरचा तळ, पाइप, मग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या. पंख्याचा वेग यातला फक्त शेवटचा टप्पा बदलतो. पत्र्यांचं क्षेत्रफळ दोन टॉवरइतकं मोठं असलं की संथ हवाही ती उष्णता उचलून नेते. प्रोसेसरच्या डब्यात येणाऱ्या बुटक्या कूलरला हे जमत नाही. पत्रा कमी, पंखा लहान, त्यामुळे भार आला की पंखा जोरात पळवण्यावाचून त्याला दुसरा मार्गच नसतो.

बसवताना गडबड होते ती बहुतेक जुना कूलर काढताना. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या) बोर्डावर पिना प्रोसेसरच्या अंगाला असतात, आणि वाळलेली पेस्ट इतकी धरते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि पिना वाकतात. त्यासाठी पीसीवर दहा मिनिटं काहीतरी जड काम चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग बंद करून, वीज काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सैल करावा आणि नंतरच उचलावा. एएमडीच्या नव्या एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर पट्टीखाली धरलेला असतो, तिथे ही भीती नाही.

एएमडीच्या बोर्डावर मूळची धातूची बॅकप्लेटच (बोर्डाच्या मागची प्लेट) वापरायची असते. प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या चार स्क्रू काढून बाजूला करायच्या, पण एएम४ वर हे स्क्रू निघाले की मागची प्लेट खाली गळून पडते. म्हणून कॅबिनेट आडवं ठेवून मागून एका हाताने प्लेट धरून काम करावं. एएम५ वर प्लेट सॉकेटलाच जोडलेली असते, ती पडत नाही. इंटेलसाठी डब्यात वेगळी बॅकप्लेट येते. तळावरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. ती तशीच राहिली तर प्रोसेसर सुरू होताच नव्वदीला भिडतो, आणि मग दोष कूलरला दिला जातो.

पेस्ट डब्यात येते ती चांगलीच आहे, त्यासाठी वेगळे पैसे घालवायची गरज नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी, मधोमध वाटाण्याएवढा ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे तांदळाच्या दाण्याएवढे चार ठिपके द्यावेत. एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि त्यात छोटे कपॅसिटर दिसतात. थोडी पेस्ट तिथे उतरली तर घाबरू नये, ही पेस्ट वीज वाहून नेत नाही. मधला पंखा काढून टॉवर ठेवायचा आणि दोन्ही स्प्रिंगचे स्क्रू आलटून पालटून, एकेक-दोनदोन आटे फिरवत घट्ट करायचे. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर तळ तिरका बसतो आणि पेस्ट एकीकडे सरकते. स्क्रू स्वतः थांबतो, तिथेच थांबावं. पंख्याची दिशा ओळखायला सोपी खूण आहे: ज्या बाजूला मोटर धरणारे चार दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. दोन्ही पंख्यांचे दांडे कॅबिनेटच्या मागच्या बाजूकडे असावेत.

खरी अडचण रॅमची. पुढचा पंखा रॅमच्या स्लॉटवर येतो. साध्या, बुटक्या रॅमला काही होत नाही, पण दिवेवाली उंच रॅम असेल तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि जितका वर सरकेल तितकी कूलरची उंची १५५ च्या पुढे जाते. कॅबिनेटच्या माहितीत कूलरच्या उंचीची मर्यादा १६० लिहिली असेल तर हातात फक्त ५ मिमी उरतात, आणि बाजूची काच लागत नाही. अशा वेळी पुढचा पंखा काढूनच टाकावा आणि फक्त मधला ठेवावा. ६५ वॉटच्या प्रोसेसरला तेवढ्याने भागतं, तापमान थोडंफारच चढतं, आणि आवाजाचा एक उगम कमी होतो.

एक पंखा कमी करण्याचा आणखी एक फायदा आहे. दोन पंखे जवळपास सारख्या वेगाने, पण अगदी तंतोतंत सारखे नसताना फिरले, की त्यांचे सूर एकमेकांत मिसळून आवाज घुंऽऽ करत चढतो-उतरतो. एकट्या पंख्याचा आवाज कमीच असतो, पण ही चढउतार रात्री सहन होत नाही. दोन्ही ठेवायचे असतील तर एकाला सीपीयू फॅन या हेडरवर (बोर्डावर पंखा जोडायच्या पिनांवर) आणि दुसऱ्याला कॅबिनेटच्या पंख्यासाठीच्या हेडरवर जोडून त्यांच्या वेगात १०० आरपीएमचा फरक ठेवावा. सीपीयू ऑप्ट हा हेडर बऱ्याच बोर्डांवर सीपीयू फॅनचीच नक्कल करतो, म्हणून इथे त्याचा उपयोग होत नाही.

आता बायोस. असूसमध्ये क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन, ॲसरॉकमध्ये फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग, एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटर: नावं वेगळी, काम एकच. किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल याची बोर्डाने ठरवून दिलेली रेषा जरुरीपेक्षा लवकर चढते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरची चिप लहान असल्याने नुसता ब्राउझर उघडला तरी तापमान क्षणभर दहा-पंधरा अंशांनी उडी मारतं आणि लगेच खाली येतं. पंखा प्रत्येक उडीमागे धावतो. माणसाच्या कानाला एकसारखा आवाज तेवढा खटकत नाही, बदलणारा खटकतो. म्हणून रेषेचा डावा भाग सपाट ठेवायचा: ६० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७५ ला ५० टक्के, ८५ ला ७० टक्के, आणि ९० नंतर पूर्ण. पन्नास टक्क्यांवर हे पंखे साधारण ८०० आरपीएमच्या आसपास असतात, आणि बंद कॅबिनेटमधून हातभर अंतरावर त्यांचा आवाज जेमतेम जाणवतो. वेग वाढवण्याआधी थांबण्याची वेळ तीन ते पाच सेकंद ठेवावी. एवढ्या वेळात क्षणिक उडी विरून जाते. बायोसमध्ये ही सोय नसेल तर विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात चढण्याची आणि उतरण्याची वेळ वेगवेगळी देता येते.

रेषा ठरल्यावर प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवावं आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघावं. रायझन ७००० मालिकेतले एक्सवाले प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवलेले आहेत, तेव्हा ९५ दिसलं म्हणून कूलर वाईट असं म्हणू नये. तिथे उपाय कूलरचा नाही, विजेचा आहे. ७७००एक्स पूर्ण भाराला १४२ वॉटपर्यंत घेतो. बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड (कमी विजेची सेटिंग, ६५ हा फक्त तिच्या वर्गाचा आकडा) लावला की तीच मर्यादा ८८ वॉटवर येते. उष्णता जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते, वेग त्या मानाने खूपच कमी उतरतो. शांत पीसीसाठी फुकटात होणारी याहून मोठी सुधारणा दुसरी नाही, आणि ती कुणी लावत नाही याचं वाईट वाटतं.

कूलर बदलूनही आवाज राहिला तर तो कुठून येतो ते आधी शोधावं. कागदाची लांब नळी करून एक टोक कानाशी आणि दुसरं एकेका पंख्याच्या जवळ न्यावं. पाच मिनिटांत चोर सापडतो. गेम खेळताना तो बहुतेक ग्राफिक्स कार्ड असतो, आणि त्याच्यावर या कूलरचा काही इलाज नाही. उलट कार्डाची गरम हवा थेट या कूलरच्या तोंडात जाते. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवावं आणि फ्रेमचा दर मॉनिटरच्या दराएवढाच बांधावा. फ्रेम बांधल्यावर कार्डातली किर्रऽ अशी बारीक शिटीही बऱ्याचदा जाते, कारण ती पंख्याची नसते, कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्याची, म्हणजे कॉइलची असते आणि फ्रेमच्या दराबरोबर सूर बदलते. सतत खर्जातला हुंकार येत असेल तर हार्ड डिस्क बघा. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, तो थरकाप पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये घुमतो. रबरी वॉशर घालून डिस्क बसवली की तो उतरतो. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पंख्यात खडखड असेल तर एसएमपीएस उघडू नये, आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही भरलेले असतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशोब वेगळा धरावा लागतो. हवेवर चालणारा कुठलाही कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. खोली जितक्या अंशांनी चढेल, जवळपास तितक्याच अंशांनी प्रोसेसर चढतो. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत भाराखाली ६८ दाखवणारा पीसी मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या ४० अंशांच्या खोलीत ८३ च्या घरात जाईल, आणि वरच्या रेषेवर पंखे आवाज करू लागतील. त्यात बिघाड काही नाही. दोन प्रोफाइल साठवून ठेवावेत, उन्हाळी आणि हिवाळी. उन्हाळ्यात छताचा पंखा चालूच असतो, त्याच्या आवाजात १००० आरपीएम बुडून जातात. खरी परीक्षा हिवाळ्यातल्या रात्री, पंखा बंद असताना होते, म्हणून कानाने रेषा लावायची ती तेव्हा. खोलीत डेझर्ट कूलर असेल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, बारीक तुषार आत जातात.

धुळीसाठी पुढून आत येणारी हवा मागून बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी, म्हणजे फटींतून धूळ न येता जाळीतूनच हवा येते. १४० मिमीचे दोन पंखे पुढे ६०० ते ७०० आरपीएमवर आणि मागे एक, एवढं पुरतं. पण पुढचा भाग सलग काचेचा असेल तर हे सगळं वाया, कारण हवेला शिरायला वाटच नाही. जाळी महिन्यातून एकदा धुवावी. ब्लोअरने टॉवर साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. मोकळं सोडलं तर ते भन्नाट वेगाने फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे धुळीचा चिकट थर बसतो, तिथे ब्लोअरच्या आधी मऊ ब्रश फिरवावा लागतो.

पंखे बदलून नॉक्टुआचे एनएफ-ए१२एक्स२५ लावावेत का, असं विचारलं जातं. ते पंखे उत्तम आहेत, बेअरिंगचा आवाज त्यांत जवळपास नाहीच, पण तसे दोन घेतले तर कूलरपेक्षा जास्त पैसे जातात. आधी रेषा लावा, आणि तरीही ऐकू आलं तरच तो विचार करा.

घेऊ नये अशी गिऱ्हाइकंही आहेत. रायझन ५ ७६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ असेल तर डीपकूल एके४०० सारखा एका टॉवरचा कूलरही शांत राहतो. दुसऱ्या टोकाला, २५३ वॉट खाणारे आय७-१४७००के किंवा आय९-१४९००के पूर्ण भारावर हा कूलर शांतपणे सांभाळू शकत नाही. तिथे बायोसमध्ये विजेची मर्यादा खाली आणा, नाहीतर ३६० मिमीचा लिक्विड कूलर घ्या. पीसी वरचेवर गावी नेत असाल तर एवढा उंच टॉवर उभ्या बोर्डावर लटकवून प्रवास करू नका, कॅबिनेट आडवं ठेवा, आणि कुरिअर करायचं असेल तर कूलर काढूनच पाठवा.

विकत घेताना डब्यावरचं नाव नीट वाचा. याच नावाखाली एसई, एआरजीबी, पांढरा आणि मिनी असे भाऊबंद आहेत, आणि फँटम स्पिरिट १२० एसई हा सात पाइपांचा चुलतभाऊही बाजारात आहे. दोघांच्या किमतीत दोन-तीनशे रुपयांचाच फरक दिसत असेल तर सात पाइपांचा घ्या. बसवण्याची पद्धत आणि पंख्यांची रेषा त्यालाही हीच लागू आहे.