एलजीबी मोगल बॅटरी आणि रिमोटवर: सगळं चांगलं, स्विच सोडून

एलजीबी हा बागेत चालवायच्या मोठ्या मॉडेल रेल्वेचा ब्रँड, आणि मोगल हे त्याचं वाफेच्या गाडीच्या रूपातलं एक विजेचं इंजिन. ते रुळातल्या विजेऐवजी बॅटरी आणि रिमोटवर चालावं म्हणून त्यात एक किट बसवलं. चढाच्या मध्यावर इंजिन सेकंदभर थांबतं, मग हिसका देऊन निघतं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. बॅटरी पूर्ण भरलेली, गिअर ठीक, मोटर गार. विक्रेत्याचं उत्तर प्रत्येक वेळी एकच: रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) गेलाय, नवीन घ्या. रिसीव्हरला काहीही झालेलं नव्हतं. दोष किटबरोबर आलेल्या स्लाइड स्विचमध्ये होता, आणि इतकं सगळं लिहायला बसण्याचं कारणही तोच स्विच आहे.

किट नेहमीसारखंच. १८६५० आकाराचे चार लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये (१४.८ व्होल्ट, २६०० एमएएच), बीएमएस (सेल फार रिकामे झाले की वीज तोडून त्यांना वाचवणारं सर्किट), २.४ गिगाहर्ट्झचा ३ ॲम्पिअरचा रिसीव्हर-कंट्रोलर, हातातला रिमोट, १६.८ व्होल्ट १ ॲम्पिअरचा चार्जर, चार्जिंग सॉकेट आणि तो स्विच. पॅक आणि रिसीव्हर दोन्ही टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या गाड्यात, बसतात. इंजिनाकडे चारच वायरी जातात, दोन मोटरच्या आणि दोन दिव्याच्या.

आता स्विच. त्याच्या अंगावर ०.५ ॲम्पिअर छापलेलं आहे. मोगल एकटी सपाटीवर त्याच्या आत राहते, पण पाच डबे लावून चढ घेतला की १ ॲम्पिअरपर्यंत जाते आणि सुटताना क्षणभर त्याहून जास्त ओढते. शिवाय स्विच चालू केला की कंट्रोलरचे कपॅसिटर एकदम भरतात, म्हणजे दर वेळी आत एक बारीक ठिणगी पडते. एवढ्याशा पत्रीच्या संपर्काला ते झेपत नाही. संपर्कावर खड्डे पडतात, रोध वाढतो, आणि रुळाच्या सांध्यावर गाडी हादरली की जोड क्षणभर सुटतो. तेवढ्यात रिसीव्हर बंद पडून नव्याने सुरू होतो आणि मोटर थांबते. बाहेरून हे रेडिओचा सिग्नल तुटल्यासारखंच दिसतं, म्हणून सगळे रिसीव्हरवर खापर फोडतात.

ओळखायचं कसं? सिग्नलचा दोष जागेशी बांधलेला असतो: बागेच्या त्याच टोकाला, त्याच भिंतीमागे. स्विचचा दोष वजनाशी आणि हादऱ्याशी बांधलेला असतो. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्विचच्या दोन टोकांना लावा, इंजिन चालू करून हाताने अडवून धरा आणि करंट १ ॲम्पिअरच्या आसपास आणा. चांगल्या स्विचवर ३०-४० मिलिव्होल्ट दिसतात. या स्विचवर ४०० च्या वर होते, आणि वर टिचकी मारली की आकडा नाचत होता. २०० च्या वर गेला की स्विच काढून टाका. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चार दिवस चालेल, पुढे नाही. रिसीव्हरला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा असाही सल्ला मिळतो. १ ॲम्पिअर ओढताना तो दर मिलिसेकंदाला एक व्होल्टने रिकामा होतो, म्हणजे दहा-बारा मिलिसेकंदांचीच उसंत. त्याने दोष झाकला जातो, जात नाही.

त्याच्या जागी खटक्याचा सहा पायांचा मिनी टॉगल लावा, मध्ये ऑफ असलेला आणि ६ ॲम्पिअर १२५ व्होल्टचा छाप असलेला. दोन्ही रांगा समांतर जोडायच्या: मधल्या दोन पायांना फ्यूजमधून आलेला बॅटरीचा प्लस, एका टोकाच्या दोन पायांना रिसीव्हरचा प्लस, दुसऱ्या टोकाच्या दोघांना चार्जिंग सॉकेटचा प्लस. मायनस सगळीकडे सलग. खटका वर केला की खालचे पाय जोडले जातात, हे लक्षात ठेवून मीटरने तपासा आणि मगच सोल्डरचा टाका लावा. या जोडणीत चार्जिंग चालू असताना रिसीव्हर आपोआप सुटा राहतो, हा मोठा फायदा. फ्यूज ३ ॲम्पिअरचा, पॅकच्या प्लसपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, स्विचच्या अलीकडे. पॉलिफ्यूज (तुटल्यावर गार झाला की आपोआप पुन्हा जुळणारा फ्यूज) नको; बंद टेंडरमध्ये उन्हाळ्यात तो तापतो आणि छापलेल्या करंटच्या खालीच तुटायला लागतो. टॉगल दीड-दोन पौंडांचा आहे. विक्रेता ज्या किमतीत रिसीव्हर बदलून देत होता, तेवढ्यात असे वीस येतात. एवढ्या महागड्या किटमध्ये हा एक पैसा का वाचवला, याचं पटणारं उत्तर कुणी दिलं नाही.

टॉगल बसल्यापासून रिसीव्हरबद्दलचं मत पूर्ण बदललं आहे. सुरुवातीला त्याला पाचपैकी दोन गुण दिले असते, आता साडेचार. हळू चाल फार सुंदर मिळते. चाकं मोजता येतील इतक्या संथपणे गाडी फलाटाला लागते. अर्धा गुण अँटेनाच्या सूचनेसाठी कापला, कारण सूचना दिलेलीच नाही. ती ३१ मिमीची उघडी तार म्हणजे पाव तरंगलांबी. ती कापायची नाही, दुमडायची नाही आणि टेंडरमधल्या लोखंडी वजनापासून दूर, प्लॅस्टिकच्या छताला आतून उभी चिकटवायची. वजनाला टेकून ठेवली तर रेंज निम्म्याहून कमी होते.

रुळाकडून वीज घेणारे भाग पूर्ण काढा. मोटर ब्लॉकचं खालचं झाकण उघडून सरकते स्केट आणि चाकांमागचे कार्बन ब्रश स्प्रिंगसकट बाहेर. टेंडरचेही. मोटरच्या वायरी कुठल्या आणि रुळाच्या कुठल्या हे रंगावरून ठरवू नका, मीटरने शोधा. एकही ब्रश जोडलेला राहिला आणि गाडी वीज असलेल्या रुळावर ठेवली, तर ती वीज कंट्रोलरच्या आउटपुटमध्ये उलटी शिरते आणि तो त्याच क्षणी जळतो. धूरयंत्राची वायर सोडवून ठेवा, बॅटरी उगाच खातं. पुढच्या दिव्याला ३ मिमीचा उबदार पांढरा एलईडी आणि १.५ किलोओहम पुरे.

एका चार्जवर चालण्याचा वेळ पाच डब्यांसह साडेतीन तासांच्या आसपास मिळतो. तक्रार एवढीच की बीएमएस न सांगता वीज तोडतं, आणि गाडी नेमकी बोगद्यात उभी राहते. बीएमएस हा शेवटचा बचाव आहे, इंधनाचा काटा नाही. १३.२ व्होल्टला गाडी आत आणायची. चार सेलचा छोटा व्होल्टमीटर टेंडरच्या कोळशाखाली मावतो, तो जरूर बसवा.

रुळांचं सुख मात्र अपेक्षेच्या पलीकडचं निघालं. इंग्लंडच्या दमट हवेत पितळी रूळ रोज घासावे लागत; आता पानं झाडली की झालं. रुळातून वीज न्यायचीच नाही, म्हणून सांध्यांना क्लॅम्प नकोत, गाडीचं तोंड फिरवणाऱ्या वळशाला पोलॅरिटीची (प्लस-मायनस जुळवण्याची) भानगड नाही, स्वस्त ॲल्युमिनियमचा रूळही चालतो. नवीन लाइन टाकणाऱ्याचा किटचा खर्च इथेच बराचसा वसूल होतो.

टेंडर नसलेल्या इंजिनाला हे सगळं इतकं सोपं नाही. माथेरानसारखी दोन फूट रुंद रुळांवरची गाडी १:१९ या प्रमाणात ३२ मिमीच्या रुळावर करायची असेल, तर छोट्या टाकीवाल्या इंजिनात तीन सेलसुद्धा मुश्किलीने बसतात. तिथे पॅक मागच्या बंद डब्यात ठेवा आणि मधली जोडणी उलटी न बसणाऱ्या प्लगची घ्या. ३ सेलवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, वेग कमी होतो, पण छोट्या इंजिनाला तोच शोभतो.

चार्जिंग सॉकेट घेताना मधली पिन २.१ मिमीची आहे की २.५ ची हे चार्जरच्या प्लगच्या भोकाशी ताडून पाहा. बाहेरून दोन्ही ५.५ मिमीच दिसतात आणि चुकीची जोडी ढिली राहून अर्धवट चार्ज करते. हिवाळ्यात पॅक प्रत्येक सेलला ३.८ व्होल्ट, एकूण १५.२ वर आणून घरात ठेवा. शेडमध्ये शून्याखाली गारठलेला पॅक चार्जरला लावू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.