इंटरफेसचा जॅक, एकट्याचा अ‍ॅम्प की चौघांचा डबा?

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या प्रवासात एक थांबा ठरलेला असतो. माइक घेऊन झाला, तो संगणकाला जोडणारा इंटरफेस झाला, भिंतींना जुन्या गाद्या लावून झाल्या, की कुणीतरी सांगतं, “आता हेडफोन अ‍ॅम्प घे, आवाज खुलेल.” मीही हे ऐकून एक घेतला, मग वेगळ्या कामासाठी वेगळ्या जातीचा दुसरा घेतला. आज दोन्ही वापरात आहेत, पण एकाचं काम दुसरा करू शकत नाही. गंमत म्हणजे दुकानात दोघांचंही नाव ‘हेडफोन अ‍ॅम्प’च. बरेच जण चुकीचा घेऊन येतात ते इथेच.

तर पर्याय तीन. इंटरफेसवर हेडफोनचा जॅक असतोच, तो वापरायचा, हा पहिला. दुसरा, एका माणसासाठीचा अ‍ॅम्प: जेडीएस लॅब्जचा अ‍ॅटम, टॉपिंगचा एल३० या पठडीतला. त्याला इंटरफेसच्या लाइन आउटमधून (एरवी स्पीकरकडे जाणाऱ्या आउटपुटमधून) सिग्नल द्यायचा आणि एक चांगला हेडफोन नीट चालवायचा, बस्स. तिसरा म्हणजे वाटणीचा डबा. एक सिग्नल आत, चार जॅक बाहेर, प्रत्येकाला स्वतःचा व्हॉल्यूम. बेहरिंगरचा एचए४०० हा यातला सगळ्यात ओळखीचा.

पहिला प्रश्न, आवाज कमी पडतो का? याला मत लागत नाही, गणित पुरतं.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घेऊ, कारण तो ३२, ८० आणि २५० ओहम (ओहम म्हणजे विद्युत रोधाचं माप) अशा तीन आवृत्त्यांत मिळतो. संवेदनशीलता साधारण १ मिलिवॅटला ९६ डेसिबल. तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उंचीला ११० डेसिबल गाठायचे, तर १४ डेसिबल जास्त हवेत, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅट. तेवढ्या शक्तीसाठी प्रत्येक आवृत्ती काय मागते ते पाहा:

| आवृत्ती | व्होल्टेज | करंट |
|---|---|---|
| ३२ ओहम | ०.९ व्होल्ट | २८ मिलिअँपिअर |
| ८० ओहम | १.४ व्होल्ट | १८ मिलिअँपिअर |
| २५० ओहम | २.५ व्होल्ट | १० मिलिअँपिअर |

जास्त ओहमचा हेडफोन ‘जड’ असतो म्हणतात ते अर्धंच खरं. त्याला करंट कमी लागतो, व्होल्टेज जास्त लागतं. आणि यूएसबीवर चालणाऱ्या इंटरफेसची तंगी नेमकी व्होल्टेजचीच असते. केबलमधून येतात ५ व्होल्ट. आत काही वाढवून घेतलं नसेल, तर ५ व्होल्टच्या पट्ट्यात मावणारी सर्वांत मोठी साइन लहर १.७७ व्होल्ट आरएमएसची (म्हणजे परिणामी मूल्याची; वरच्या तक्त्यातले व्होल्टही तेच). बरेच इंटरफेस आत हे व्होल्टेज वाढवून घेतात, पण आपण वाईटात वाईट धरून चालू.

२.५ हवेत, १.७७ आहेत. फरक ३ डेसिबल, फक्त तीन! म्हणजे २५० ओहमचा हेडफोन साध्या इंटरफेसवरही १०७ डेसिबलपर्यंत जातो. मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, सरासरी ८० डेसिबलच्या आसपास ऐकत असाल आणि शिखरं २० डेसिबल वर जात असतील, तरी १०० झाले. मग लोक “आवाजच येत नाही” अशी तक्रार का करतात?

कारण हे गणित पूर्ण पातळीच्या सिग्नलचं आहे. शहाणा माणूस रेकॉर्डिंग करताना शिखरं शून्याच्या (म्हणजे डिजिटल पातळीच्या कमाल मर्यादेच्या) १२ डेसिबल खाली ठेवतो, म्हणजे एकदम चढलेली तान फाटत नाही. ते १२ डेसिबल हेडफोनमध्येही कमीच येतात. १०७ चे झाले ९५. मास्टर केलेलं, म्हणजे शेवटी पूर्ण पातळीला आणलेलं गाणं त्याच जॅकवर दणदणीत वाजतं आणि स्वतःचा कच्चा टेक, म्हणजे नुकतंच केलेलं रेकॉर्डिंग, मलूल वाटतो, त्याचं कारण हे. हेडफोन तोच, जॅक तोच.

यावर तीन उपाय आहेत, आणि अ‍ॅम्प त्यातला सगळ्यात महाग. पहिला फुकटचा: सॉफ्टवेअरमध्ये फक्त ऐकण्याच्या वाटेवर १० डेसिबल वाढवा. टेकच्या पातळीला हात लावायचा नाही. दुसरा, हेडफोन अजून घ्यायचा असेल तर २५० ऐवजी ८० ओहमचा घ्या. सोनीचा एमडीआर-७५०६ (६३ ओहम) किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स (३८ ओहम) हेही कुठल्याही जॅकवर भरपूर वाजतात. तिसरा अ‍ॅम्प. हेडफोन आधीच २५० किंवा ३०० ओहमचा असेल, इंटरफेस जुना असेल आणि कच्चे, हलक्या पातळीचे टेक रोज ऐकायचे असतील, तर तो घेण्याला अर्थ आहे.

‘आवाज खुलतो’ या दाव्यातही थोडं तथ्य आहे, पण ते वेगळ्याच गोष्टीत दडलंय: आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे जॅकच्या मागे असलेला स्वतःचा रोध. हेडफोनचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. सेनहायझरचा एचडी ६०० कागदावर ३०० ओहमचा, पण खर्जाच्या एका पट्ट्यात तो ५०० च्या आसपास चढतो. जॅकचा रोध नगण्य असेल तर याने काही बिघडत नाही. पण १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोन आउटसाठी १२० ओहम सुचवलेले होते, आणि जुन्या मिक्सरवर तसे किंवा त्याच्या जवळपासचे जॅक भेटतात. तिथे एचडी ६०० चा तो खर्जाचा पट्टा बाकीच्यापेक्षा साधारण १ डेसिबल फुगतो. ऐकायला उबदार, गोड. पण तुम्ही त्याला फसून मिक्समधला खर्ज कमी करता आणि गाणं बाहेर पोकळ वाजतं.

ढोबळ नियम असा की जॅकचा रोध हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा. ८० ओहमला १०, २५० ला ३१, ३२ ला फक्त ४. एकट्याचा चांगला अ‍ॅम्प १ ओहमच्या आतबाहेर असतो, म्हणून तो कशालाही चालतो. स्वस्त वाटणीच्या डब्यांत शॉर्टसर्किटपासून बचाव म्हणून आउटपुटला रेझिस्टर टाकायची पद्धत आहे, त्यामुळे त्यांच्यावर बसून खर्जाचे निर्णय घेऊ नयेत. इंटरफेसचं माहितीपत्रक उघडून हा एक आकडा शोधा. तो लहान असेल आणि आवाज पुरत असेल, तर अ‍ॅम्पने खुलण्यासारखं फार काही उरत नाही.

तरी मित्राच्या घरी ऐकून मोह होणारच. मग तुलना नीट करा. दोन जॅकमध्ये अर्धा डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा चांगला वाटतो; कान असेच बनले आहेत. ५० हर्ट्झचा टोन वाजवा, हेडफोन लावलेला असतानाच जॅकवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत जुळवा. ५० हर्ट्झच का? कारण साधा मल्टिमीटर घरची वीज मोजण्यासाठी बनवलेला असतो, त्याला हीच कंपनसंख्या नीट कळते. मग कुणाला तरी तुमच्या पाठीमागे जॅक बदलायला सांगा. मी हे केलं तेव्हा माझ्या ८० ओहमच्या हेडफोनवर इंटरफेस कुठला आणि अ‍ॅम्प कुठला हे मला सांगता आलं नाही. अ‍ॅम्प तोवर विकत घेऊन झाला होता.

आता डबा. इथे मात्र मी ठाम आहे. खोलीत एकाहून जास्त माणसांना ऐकायचं असेल, तर डब्याला पर्याय नाही. वायचा स्प्लिटर, म्हणजे एका जॅकचे दोन करणारा जोड, लावून भागवणारे पुष्कळ. पण स्प्लिटरने हेडफोन समांतर जोडले जातात: ३२ ओहमचे चार लावले की जॅकला ८ ओहम दिसतात आणि चौघांना मिळून एकच व्हॉल्यूम. त्यात एकाचा ३२ आणि दुसऱ्याचा २५० ओहमचा असला, की एक जण कान धरतो आणि दुसरा म्हणतो काहीच ऐकू येत नाही.

आमच्याकडच्या रेकॉर्डिंगचं उदाहरण घ्या. गायिका, हार्मोनियम, तबला, तिघे एकाच खोलीत. गायिकेला तानपुरा आणि स्वतःचा आवाज हळू हवा असतो. मोठा दिला की तिचा सूर हलतो. तबलजीचं उलट. त्याच्या पुढ्यातच वाद्य दणदणतंय, त्यावर मात करून त्याला गाणं ऐकायचंय. एका नॉबवर हे दोघं नांदत नाहीत. डब्यावर प्रत्येक जण आपापला नॉब फिरवतो आणि माझ्याकडे बघायचं थांबवतो. ही शांतता पैसे वसूल करते.

पण डबा काय करत नाही तेही ऐका. तो सगळ्यांना एकच मिक्स देतो. गायिकेला तानपुरा जास्त आणि तबलजीला कमी, असं तिथे होत नाही. तसं हवं असेल तर बेहरिंगरच्या एचए४७०० सारखे रॅकमधले डबे बघावे लागतात, ज्यांत प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र ऑक्स (जोडीचा) इनपुट असतो. शिवाय इंटरफेसला दोनाहून जास्त आउटपुट हवेत. फोकसराइटच्या स्कार्लेट २आय२ सारख्या छोट्या इंटरफेसवर हेडफोनमध्ये तेच जातं जे आउटपुट १-२ मधून स्पीकरला जातं, त्यामुळे तिथे वेगळं मिक्स विसरा.

आणि तबलजीसाठी आवाज वाढवण्याआधी त्याचा हेडफोन बघा. बंद कपांचा, कानाभोवती घट्ट बसणारा हेडफोन बाहेरचा तबला अडवतो. मग कमी आवाजातही गाणं कळतं, आणि तानपुरा किंवा क्लिक (लयीसाठीचा टिकटिक आवाज) माइकमध्ये गळत नाही. एचडी ६०० किंवा डीटी ९९० प्रो उघड्या पाठीचे आहेत. मिक्सला उत्तम, पण माइकसमोर बसलेल्याच्या डोक्यावर नकोत. गायक मंडळी एक कप कानामागे सरकवतात, तो मोकळा कपही कंडेन्सर माइकच्या दिशेने खुशाल वाजत असतो. त्याला गालावर दाबून धरायला सांगायचं, किंवा त्या बाजूचा आवाज बंद करायचा.

जोडणीतली एक चूक सांगतो, कारण ती मी केली आहे. एचए४०० सारख्या डब्याचा इनपुट एकच स्टिरिओ जॅक असतो, डावा आणि उजवा एकाच पिनवर. माझ्याकडे बॅलन्स्ड केबल होती, मी ती इंटरफेसच्या डाव्या लाइन आउटमधून सरळ डब्यात खुपसली. पिन तंतोतंत बसते, आवाजही येतो. पण बॅलन्स्ड केबलमध्ये तोच सिग्नल एकदा सरळ आणि एकदा उलटा जातो. डब्याने सरळ सिग्नल डाव्या कानाला दिला आणि उलटा उजव्याला. गाणाऱ्या ताई म्हणाल्या, “माझाच आवाज माझ्यापासून पळतोय.” मी तासभर माइक बदलत बसलो. एकतर इंटरफेसच्या हेडफोन जॅकमधून स्टिरिओ केबलने डब्याला द्या, नाहीतर दोन मोनो पिनांची एक स्टिरिओ करणारी वाय-केबल घ्या आणि दोन्ही लाइन आउट वापरा. हेडफोन जॅकमधून देत असाल तर इंटरफेसचा नॉब पाऊण ठेवा आणि बाकीचं डब्यावर करा. उलट केलंत की डबा सिग्नलबरोबर खरखरही मोठी करतो.

गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. जुन्या घरांत तीन पिनी सॉकेट असतं पण अर्थिंग नावालाच, आणि वेगळा अ‍ॅम्प आला की विजेला आणखी एक वाट मिळते. इंटरफेसच्या स्वतःच्या जॅकला हा त्रास सगळ्यात कमी. ही त्याची जमेची बाजू कुणी मोजत नाही.

अ‍ॅम्पची एक उधारी मात्र नोंदवून ठेवायला हवी. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षेच्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. कमजोर जॅकवर माणूस नाइलाजाने या मर्यादेत राहतो. दणकट अ‍ॅम्प आला की तिसऱ्या तासाला नॉब आपोआप उजवीकडे सरकलेला सापडतो. मी माझ्या अ‍ॅम्पवर नेलपॉलिशची खूण केली आहे.

एकटे असाल, निवेदन, पॉडकास्ट, ऑडिओबुक करत असाल आणि हेडफोन ८० ओहमच्या आत असेल, तर आज काहीच घेऊ नका. ते पैसे दुसऱ्या बंद हेडफोनला ठेवा, कधीतरी पाहुणा येईलच. तीनशे ओहमच्या उघड्या हेडफोनवर रोज मिक्स करत असाल, तर एकट्याचा अ‍ॅम्प घ्या, पण आधी सॉफ्टवेअरमधले ते १० डेसिबल वाढवून आठवडाभर काढा. एकाहून जास्त कलाकार येत असतील तर डबा, आणि तोही वाय-केबलसकट. दुकानदार केबलचं नाव काढत नाही, आणि रविवारी सकाळी तबलजी तबला मिळवून बसलेला असताना ती कुठेही मिळत नाही.